समुद्राच्या पाण्याच्या टाकीत गंज पुन्हा त्याच जागी येतो: कारण कसं शोधायचं आणि काय करायचं

टाकी रिकामी केली, ब्लास्टिंग केलं (दाबाच्या हवेने ग्रिट, म्हणजे खरखरीत कण, मारून पत्रा साफ केला), इपॉक्सी रंगाचे दोन-तीन हात मारले, जाडी मोजली, कागदावर सगळं ठीक. वर्ष-दीड वर्षाने मॅनहोल उघडला तर तळाला पुन्हा तपकिरी ठिपके, वेल्डिंगच्या जोडांवरून गंजाचे ओघळ, मध्येच कुठे फोड. मग रंग बनवणाऱ्या कंपनीवर खापर, ठेकेदारावर खापर, आणि पुढच्या शटडाऊनला आणखी महागडा रंग. तोही त्याच वाटेने जातो.

अग्निशमनासाठी समुद्राचं पाणी साठवणारी टाकी, जहाजाचा तोल राखण्यासाठी पाणी भरायची बॅलास्ट टाकी, तळाशी खारं पाणी साचणारी तेलाची टाकी, समुद्राच्या पाण्याने हायड्रोटेस्ट (पाणी भरून घेतलेली चाचणी) झालेली नवी कोरी टाकी, या सगळ्यांची रड सारखीच असते. माझ्या मते यात रंगाच्या डब्याचा दोष क्वचितच असतो. गंज नेमका कुठे आला आणि जवळून कसा दिसतो, यात कारणाचा निम्मा शोध लागलेला असतो. पण नेमका तोच पुरावा आपण सगळ्यात आधी ग्रिट मारून उडवून लावतो. म्हणून रंग खरवडायला घेण्याआधी टाकीच्या तळाचा आणि शेलचा (उभ्या भिंतीचा) साधा नकाशा काढा, प्रत्येक डाग त्यावर मांडा, फोटो काढा. मागच्या वेळचा असा नकाशा असेल तर दोन्ही शेजारी ठेवा. जागा तीच असेल तर कारणही गेलेलं नाही, त्याच्यावर फक्त नवा रंग बसला होता.

रिकामी करण्याआधीच करायच्या दोन गोष्टी

पहिली, भरलेल्या टाकीतलं विद्युत विभव मोजून घ्या. ॲनोड (पोलादाला वाचवण्यासाठी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे) काम करतात की नाही, हे टाकी भरलेली असतानाच कळतं. पाणी काढल्यावर ॲनोडकडे कितीही निरखून बघितलं तरी तो अंदाजच. छताच्या नोझलमधून सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड खाली सोडा, मल्टीमीटरचं दुसरं टोक टाकीच्या उघड्या, घासून चकचकीत केलेल्या धातूला लावा आणि वेगवेगळ्या खोलीवर आकडे टिपा. आकड्यांचा अर्थ पुढे येईलच.

दुसरी, तळाच्या ड्रेनमधून पाण्याचा आणि गाळाचा नमुना घ्या. वरचं पाणी आणि तळाचं पाणी यांत बऱ्याचदा जमीन-अस्मानाचा फरक असतो. नमुना काळा आला आणि सडक्या अंड्याचा वास आला, तर गाळाखाली जिवाणूंचा संसार आहे हे आत न उतरताच समजलं.

आत उतरण्याबद्दल इथेच सांगतो, कारण गंजाच्या टाकीत माणसं गंजामुळेच मरतात आणि ते पुष्कळांना माहीत नसतं. पोलाद गंजताना हवेतला प्राणवायू खातं. बरेच दिवस बंद राहिलेल्या टाकीत त्याचं प्रमाण जीवघेणं कमी झालेलं असू शकतं, आणि त्याला ना वास ना रंग. १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. १०० पीपीएमच्या आसपास तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो, म्हणून ‘आता वास येत नाही’ ही चांगली बातमी समजू नका. ॲनोड असलेल्या बंद टाकीत वरच्या बाजूला हायड्रोजनही साठू शकतो. वायुवीजन, गॅस मीटर, बाहेर उभा राहून लक्ष ठेवणारा माणूस आणि परवाना, यांतलं एकही नसेल तर मॅनहोलमधून डोकंही आत घालू नका.

हे पाणी इतकं वाईट का वागतं

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातला १९ ग्रॅमच्या आसपास एकटा क्लोराइड. या पाण्याचा विद्युतरोध जेमतेम २० ते २५ ओम-सेंटिमीटर, म्हणजे नळाच्या पाण्यापेक्षा ते शंभर पटीने किंवा त्याहूनही चांगलं वाहक. उघडं पोलाद कायम पाण्यात बुडालेलं असेल तर वर्षाला साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर झिजतं. हा आकडा ऐकून ६ मिलिमीटरचा तळपत्रा सहज चाळीस वर्षं टिकेल असं वाटतं. तसं होत नाही, कारण टाकीत झीज सगळीकडे सारखी होत नाही. ती खड्ड्यात एकवटते, आणि खड्डा सरासरीच्या कितीतरी पट वेगाने खाली जातो. पत्र्याचा ९९ टक्के भाग नव्यासारखा असताना टाकी गळते, ती यामुळेच.

खड्ड्यांत पुन्हा गंज: जवळजवळ नेहमी मीठ

सगळ्यात जास्त वेळा दिसणारं आणि सगळ्यात जास्त वेळा चुकीचं वाचलं जाणारं प्रकरण हे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

जुन्या खड्डे पडलेल्या तळावर कोरडं ब्लास्टिंग केलं की पत्रा पांढराफटक दिसतो. सफाईची ग्रेड तपासणारा खूश, फोटो छान. त्याच पत्र्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च आडवी धरून बघा. सपाट भाग अजून उजळ असतो, पण खड्ड्यांच्या तळाशी टाचणीच्या डोक्याएवढे काळपट-तपकिरी ठिपके उमटलेले असतात, कधी कधी ओलसर. हा हवेतल्या दमटपणाचा साधा गंज नव्हे. तो सगळीकडे सारखा, पिवळसर धुळीसारखा येतो. हे ठिपके म्हणजे खड्ड्याच्या बुडाशी दबून राहिलेले लोहाचे क्लोराइड. ते हवेतलं पाणी ओढून घेतात आणि स्वतःच गंज सुरू करतात. कोरडी ग्रिट त्यांना बाहेर काढत नाही. उलट धातूच्या सुरकुत्या त्यांच्यावर दुमडून त्यांना आत कोंडते. यावर रंग मारला तर कोणत्याही कंपनीचा असो, जाणारच.

खात्री करायला दोन चाचण्या पुरतात. पहिली अगदी स्वस्त: पोटॅशियम फेरिसायनाइडच्या द्रावणात भिजवून वाळवलेला गाळणकागद. ब्लास्टिंग केलेल्या पत्र्यावर शुद्ध पाण्याचा बारीक फवारा मारायचा, वरचं मोकळं पाणी उडून जायची वाट बघायची आणि कागद दाबून धरायचा. जिथे विरघळणारं लोहाचं मीठ आहे तिथे कागदावर निळे ठिपके उठतात. किती मीठ ते यातून कळत नाही, पण कुठे ते स्पष्ट कळतं, आणि ठेकेदाराशी वाद घालताना निळा कागद मीटरपेक्षा जास्त बोलतो.

दुसरी, ब्रेसल पॅच. १२५० चौरस मिलिमीटरचा चिकट पॅच लावून त्यात शुद्ध पाणी सुईने भरायचं, आत-बाहेर ओढायचं आणि त्याची वाहकता मोजायची. १५ मिलिलिटर पाणी वापरत असाल तर पाण्याची मूळ वाहकता वजा करून उरलेल्या मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरला ६ ने गुणा, म्हणजे मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर मिळतात. मूळ पाणी ३ आणि पॅचमधून काढलेलं १५ आलं, तर १२ गुणिले ६, म्हणजे ७२. कायम बुडालेल्या पृष्ठभागासाठी हे जास्त झालं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००६ साली जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांसाठी जो रंगकामाचा दर्जा ठरवला, त्यात सोडियम क्लोराइडच्या हिशेबाने ५० ही कमाल मर्यादा आहे. जमिनीवरच्या टाकीलाही तीच धरा, जमलं तर त्याहून कमी. आणि पॅच खड्डे असलेल्या जागीच लावा. सपाट, गुळगुळीत पत्र्यावर लावून ‘पास’ लिहिणं हा हमखास दिसणारा प्रकार आहे.

उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: आधी ब्लास्टिंग, मग गोड्या पाण्याने उच्च दाबाची धुलाई, वाळवणं, पुन्हा ब्लास्टिंग, पुन्हा चाचणी. आकडा खाली येईपर्यंत हेच चक्र. खड्डे खोल असतील तर १७०० बारच्या वरचं वॉटर जेटिंग कोरड्या ग्रिटपेक्षा चांगलं काम करतं, कारण पाणी खड्ड्याच्या बुडापर्यंत पोचतं. धुण्याचं पाणीही तपासा. बोअरचं खारट पाणी वापरून मीठ धुणारे लोक मी बघितले आहेत. शेवटच्या ब्लास्टिंगनंतर शक्य असेल तर डीह्युमिडिफायर लावून आतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवा आणि एक रात्र जाऊ द्या. सकाळी ठिपके आले नाहीत, तर प्रायमर उघडा. ही एक रात्र वाचवण्याच्या नादात पूर्ण शटडाऊन वाया जातो.

फोड आले असतील तर एक फोडून बघा

फोड हा निदानाचा उत्तम स्रोत आहे. टाकी रिकामी होऊन फार वेळ जायच्या आत एक-दोन फोड सुईने टोचा आणि आतल्या पाण्यावर पीएच कागद लावा.

पाणी अल्कधर्मी, म्हणजे पीएच १० च्या वर, आणि खालचं पोलाद उजळ असेल, तर फोड कॅथोडिक आहेत. ॲनोडने किंवा बाहेरून दिलेल्या करंटने पोलादाला गरजेपेक्षा जास्त रेटलं आहे, किंवा रंग त्या संरक्षणाबरोबर नांदू शकणारा नाही. पाणी उदासीन किंवा आम्लधर्मी आणि खाली गंज, तर संशय पुन्हा मिठावर. इपॉक्सीचा थर पाण्याची वाफ थोडीफार आत घेतोच. खाली मीठ असेल तर परासरणाने पाणी तिथे ओढलं जातं आणि रंग उचलला जातो. इथे एक गंमत आहे: हे फोड खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात जास्त जोमाने येतात, कारण आत-बाहेरच्या तीव्रतेतला फरक वाढतो. म्हणून ‘समुद्राचं पाणी होतं तोवर रंग ठीक होता, गोडं भरलं आणि फोड आले’ ही तक्रार खरी असते. गोड्या पाण्याने फक्त आधीपासून दबलेलं मीठ उघड केलं. टोचल्यावर द्रावकाचा, थिनरचा वास आला तर तिसरी शक्यता: थर जाड मारला, दोन हातांमधला वेळ पाळला नाही किंवा वायुवीजन कमी पडलं. द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी बसते. पंखा छताच्या मॅनहोलवर लावून तळ वाळत नाही. हवा तळातून खेचावी लागते.

गंज फक्त जोड, कडा आणि कोपऱ्यांवर

हे निदान सोपं आहे. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो, तिथे थर पातळ राहतो. वेल्डिंगचे शिंतोडे, अंडरकट (वेल्डच्या कडेची खाच), वर आलेले कंगोरे, सगळ्यांची तीच गोष्ट. ग्राइंडरने कडांना निदान २ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई द्या, शिंतोडे काढा आणि प्रत्येक पूर्ण हाताआधी जोडांवर-कडांवर ब्रशने वेगळा हात मारा. स्प्रेने नव्हे, ब्रशनेच, रंग खाचेत घोळवून. दोन हातांचे रंग वेगवेगळे ठेवले की कुठे राहून गेलं ते डोळ्यांना दिसतं.

जाडीच्या बाबतीत सरासरी काढून समाधान मानू नका. सागरी संघटनेच्या त्याच दर्जात इपॉक्सीची जाडी ३२० मायक्रॉन आहे आणि ९०-१० चा नियम आहे: ९० टक्के वाचनं ठरलेल्या जाडीइतकी किंवा जास्त, उरलेली १० टक्के तिच्या नऊ-दशांशापेक्षा कमी नकोत. खड्डे पडलेल्या तळाला मी एवढ्यावर थांबणार नाही. तिथे ग्लास-फ्लेक किंवा द्रावकरहित इपॉक्सीचा जाड थर मला जास्त भरवशाचा वाटतो. रंग मारताना पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा कमीत कमी ३ अंशांनी वर आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी. हे सगळ्यांना पाठ असतं, पण मोजमाप सकाळी एकदाच होतं आणि रंग संध्याकाळी मारला जातो. दमट हवेत इपॉक्सीवर एक चिकट, मेणचट साय धरते. पुढचा हात मारण्याआधी ती कोमट गोड्या पाण्याने पुसली नाही तर दोन हातांत फूट पडते.

शेवटी हॉलिडे टेस्ट, म्हणजे थरात राहिलेली छिद्रं विजेने शोधण्याची चाचणी. ५०० मायक्रॉनपर्यंतच्या थराला ६७.५ व्होल्टचा ओला स्पंज चालतो, त्याहून जाड थराला उच्च व्होल्टेजची ठिणगी चाचणी. सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं की काय होतं ते खालच्या प्रकरणात कळेल.

नोझल, व्हॉल्व्ह, शिडीच्या आसपासच गंज

टाकीचा पत्रा साधा पोलादाचा आणि आत स्टेनलेसची शिडी, ब्राँझचा व्हॉल्व्ह किंवा तांबे-निकेलची पाइप बसवली असेल, तर खाऱ्या पाण्यात ती सरळ बॅटरी आहे. पोलाद झिजतं, दुसरा धातू तसाच राहतो. यावर साहजिक सुचणारा उपाय म्हणजे पोलादाला चांगला रंग द्यायचा आणि महागडा धातू उघडा ठेवायचा. नेमका हाच घात करतो. उघड्या स्टेनलेसचं क्षेत्रफळ मोठं, आणि पोलाद उघडं पडलंय ते रंगातल्या एका सूक्ष्म छिद्रापुरतं. सगळा करंट त्या छिद्रातून वाहतो आणि तिथे पत्रा ड्रिलने पाडल्यासारखा भोकसला जातो. म्हणून रंगवायचंच असेल तर स्टेनलेस आणि ब्राँझ आधी रंगवा. जमत असेल तर इन्सुलेटिंग गास्केट, बाही आणि वॉशर वापरून दोन धातूंमधला विजेचा संपर्क तोडा, आणि बोल्ट घट्ट केल्यावर तो खरंच तुटलाय का ते मीटरने तपासा.

ॲनोड आहेत, तरी गंज

आता भरलेल्या टाकीत टिपलेले आकडे काढा. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या हिशेबाने पोलाद उणे ०.८० व्होल्ट किंवा त्याहून ऋण असेल तर संरक्षण मिळतंय. गाळ आणि प्राणवायूविना जगणारे जिवाणू असतील तर उणे ०.९० धरा. उणे १.१० च्या पलीकडे गेलात तर रंग सुटण्याची भीती. ॲनोडजवळ उणे १.०० आणि पलीकडच्या कोपऱ्यात उणे ०.६५ असं दिसलं, तर ॲनोड चांगले आहेत, त्यांची वाटणी वाईट आहे.

सगळीकडेच उणे ०.६५ च्या आसपास असेल तर ॲनोड बघा. वर्षं उलटूनही ॲनोड नव्यासारखा गुबगुबीत दिसतोय, याचा आनंद मानणारे पुष्कळ भेटतात. न झिजणारा ॲनोड काम करत नसतो. रंगारी मंडळींनी त्याच्यावरून स्प्रे फिरवलेला असतो, हे पहिलं कारण. दुसरं, तो बोल्टने बसवलेला असतो आणि बोल्टच्या खाली रंग किंवा गंज असल्यामुळे वीज पोचत नाही. पट्टी वेल्ड करा, आणि रंगकामाआधी ॲनोड कागद-टेपने गुंडाळा, नंतर आठवणीने सोडा.

उलट ॲनोड वर्षभरात संपून गेले असतील तर हिशेब चुकला आहे. एक उदाहरण करून बघू. १२ मीटर व्यासाची, ८ मीटर पाणी असलेली टाकी. तळ ११३ आणि शेल ३०२, मिळून ४१५ चौरस मीटर. उघड्या पोलादाला चौरस मीटरला १२० मिलिॲम्पिअर धरा आणि रंगाचा ५ टक्के भाग उघडा धरा, म्हणजे सुमारे २.५ ॲम्पिअर. पाच वर्षांचे झाले जवळपास १,०९,००० ॲम्पिअर-तास. ॲल्युमिनियम-झिंक-इंडियम ॲनोड किलोमागे साधारण २५०० ॲम्पिअर-तास देतो. त्यातला ८५ टक्के वापरात येतो असं धरलं तर ५१ किलो लागतात. झिंकची क्षमता ७८० च्या आसपास, त्यामुळे तेच काम करायला १६५ किलो. आता रंग ५ ऐवजी २० टक्के उघडा असेल तर दोन्ही आकडे चौपट. वजन एवढंच पुरेसं नाही, एकेका ॲनोडने किती करंट सोडता येतो तेही त्याच्या आकारावरून तपासावं लागतं, पण वजनाचा हिशेबसुद्धा पुष्कळ ठिकाणी केलेला नसतो. मॅग्नेशियम समुद्राच्या पाण्यात वापरू नका. तो पोलादाला फार ऋण करतो, रंग उचलतो आणि भराभर संपतो. ज्वलनशील माल असलेल्या टाकीत ॲल्युमिनियमचा ॲनोड उंचावर लावू नका, गंजलेल्या पोलादावर पडला तर ठिणगी उडू शकते.

संरक्षण नीट चालू असलेल्या उघड्या पोलादावर पांढरट, खडूसारखा थर धरतो. तो कॅल्शियम कार्बोनेट आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा असतो. त्याला मीठ समजून साफसफाईत खरवडू नका. तो थर करंटची गरज कमी करतो आणि ॲनोडचं आयुष्य वाढवतो.

ॲनोडची ही युक्ती जुनी आहे. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलासाठी जहाजांच्या तांब्याच्या आवरणाला लोखंड-जस्ताचे तुकडे जोडून पाहिले. तांब्याची झीज थांबली, पण विरघळणारं तांबं शिंपल्यांना दूर ठेवत होतं, तेही थांबलं, आणि जहाजांच्या बुडाला शिंपले चिकटून जहाजं मंदावली.

छत आणि पाण्याच्या रेषेच्या वरचा भाग

ॲनोड पाण्याबाहेर काहीही करत नाही. छताखालच्या हवेत रात्री पाणी थेंबाथेंबाने जमतं, त्यात मीठ असतं, प्राणवायू भरपूर असतो, म्हणून टाकीतला सगळ्यात वाईट गंज बऱ्याचदा छतावरच असतो. छताचे पत्रे एकमेकांवर चढवून फक्त वरून वेल्ड केलेले असतात. खालून ती फट उघडीच. ब्लास्टिंगची नळी तिथे पोचत नाही, रंगही नाही. नंतर त्या फटीतून सरळ रेषेत तपकिरी ओघळ येतात आणि ‘छताचा रंग गेला’ अशी नोंद होते. रंग गेलेला नसतो, फट कधी रंगलेलीच नसते. खालून सील-वेल्ड करा, तसं शक्य नसेल तर पाण्यात टिकणाऱ्या सीलंटने फट बुजवा. छताखालच्या तुळयांची वरची बाजूही आरशाने बघा. पाण्याची पातळी रोज वर-खाली होत असेल तर तो पट्टाही याच गटात मोडतो. तिथे ॲनोड अर्धवेळ कामगार, सगळी भिस्त रंगावर.

काळा गाळ, वास, आणि खाली उजळ खड्डे

साचून राहिलेल्या खाऱ्या पाण्यात सल्फेट खाणारे जिवाणू गाळाखाली वाढतात. गाळ बाजूला केला की काळा, मऊ थर. त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला की सडक्या अंड्याचा वास सुटतो आणि वर धरलेला लेड ॲसिटेटचा कागद काळवंडतो. हे लोहाचं सल्फाइड. ही चाचणी मोकळ्या हवेत, चिमूटभर नमुन्यावर करा. थर पुसल्यावर खाली वाटीसारखे, चकचकीत खड्डे दिसतात.

इथे लोक थेट जिवाणूनाशक ओततात. गाळ तसाच ठेवून ओतलेलं औषध गाळाखाली पोचतच नाही. आधी गाळ उपसा, तळ धुवा, मग औषध. पाण्यातला प्राणवायू घालवण्यासाठी बायसल्फाइट टाकत असाल तर ग्लुटाराल्डिहाइड किंवा क्लोरीनबरोबर एकाच वेळी टाकू नका, ती एकमेकांना निकामी करतात. आणि मुळात पाणी साचतंच का ते बघा. पंपाची ओढ तळापासून वर असेल तर खालचं पाणी वर्षानुवर्षं तिथेच राहतं. तेलाच्या टाकीत उतार नीट नसला, तळ मध्येच खचला असला, की ड्रेन उघडूनही तेवढं डबकं निघत नाही, आणि खड्ड्यांचा नकाशा हुबेहूब त्या डबक्याच्या आकाराचा येतो. रंग बदलून डबकं जात नाही.

हायड्रोटेस्ट समुद्राच्या पाण्याने करावीच लागली तर पाणी भरून ठेवून इतर कामं उरकत बसू नका. चाचणी झाली की लगेच रिकामी करा, त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, वाळवा. चाचणीनंतर कित्येक आठवडे पाणी तसंच सोडल्यामुळे वापरात येण्याआधीच खड्डे पडलेल्या टाक्या असतात.

आतून सगळं चांगलं, तरी गळती

मग तळाखालून बघा. आतले ॲनोड तळाच्या खालच्या बाजूला वाचवत नाहीत. त्यांचा करंट आतल्या पाण्यापुरता. पायाभरणीत समुद्राची वाळू वापरली असेल, किंवा शेलच्या बाहेर आलेल्या तळपत्र्याच्या कडेखालून पावसाचं, फवाऱ्याचं खारं पाणी आत झिरपत असेल, तर पत्रा खालून खाल्ला जातो. कडेची फट लवचीक सीलंटने अशी बंद करा की पाणी बाहेर वाहील, त्यावर साचणार नाही. खालची झीज आतून मोजायला तळाचं एमएफएल (चुंबकीय क्षेत्राने झीज शोधणारं) स्कॅनिंग आणि संशयित जागी अल्ट्रासोनिक जाडी, दोन्ही लागतात.

पत्रा ठेवायचा की कापायचा, हे खोलीवरून ठरवा. ६ मिलिमीटरच्या तळपत्र्यात ८ वर्षांत सगळ्यात खोल खड्डा २ मिलिमीटरचा पडला, तर वेग वर्षाला ०.२५. उरले ४ मिलिमीटर. एपीआय ६५३ (वापरातल्या टाक्यांच्या तपासणीचं अमेरिकन मानक) प्रमाणे, गळती पकडण्याची सोय नसलेल्या टाकीत पुढच्या तपासणीपर्यंत तळ २.५ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. गळती पकडण्याची आणि अडवण्याची व्यवस्था असेल तर ही मर्यादा १.२५ आहे. पहिल्या हिशेबाने तुमच्याकडे सहा वर्षं आहेत, तीही खालून काही झिजत नसेल तरच. खालूनही वर्षाला ०.१ जात असेल तर आधी गेलेल्या ८ वर्षांचे ०.८ वजा करा. उरलेल्या ०.७ ला ०.३५ ने भागा. हातात दोन वर्षं उरतात, आणि तेवढ्यासाठी पूर्ण तळाला महागडा इपॉक्सी मारण्यापेक्षा तो पत्रा याच शटडाऊनला कापून बदललेला बरा.